मागाची खोली

नंदनवन, नागपूर
सोमवार, २० जानेवारी २०२५

प्रेमिला,

दादाचा नमस्कार घे अन् आधी बसून घे. उभ्यानं वाचायची खबर नाही.

जितूची बदली झाली. मिहानमधली त्याची विमानदुरुस्तीची कंपनी गुवाहाटीले नवं काम सुरू करून राहिली, तिथं त्याले मोठी जागा दिली. बारा एप्रिलले निघायचं. गुवाहाटी म्हणजे पिनकोड सात-आठ-एक. रेल्वेच्या डाकडब्यात उभं राहून तीस वर्षं मी त्या खणात चिठ्ठ्या टाकल्या, पण आपल्या घरचं कोणी तिथं राहाले जाईन हे कधी डोक्यात आलं नाही.

आता जितू अन् रितिकाचं ठरलं का निघायच्या आधी दर रविवारी लेकराइले कुठं ना कुठं न्यायचं. म्हणे, आहोत तवर आपलं सारं पाहून घेऊ. काल रामटेक झालं. पायऱ्या चढता चढता खुशीनं मले सतराशे सवाल केले. पोट्टी सात वर्षांची, पण तोंड सत्तर वर्षांचं. अंकित चार वर्षांचा, तो पायऱ्या मोजे. विसाच्या पुढं येत नाही तं पुन्हा एकपासून. वरती एका वानरानं त्याच्या हातातला चिवड्याचा पुडा ओढून नेला. पोट्टं रडाले लागलं. मी म्हटलं, ‘जाऊ दे गा, दुसरा घेऊ.’ तं म्हणते, ‘पण त्यानं मला विचारलं पण नाही!’ सारे हसले. मी बी हसलो, पण बाई, ते मले लागलं.

कारण मले बी कोणी विचारलं नाही. तीन हप्ते झाले घरात हेच चालू आहे. शाळा कोणती, सामान कसं न्यायचं, हे घर भाड्यानं कोणाले द्यायचं, सारं माह्यासमोर. ‘बाबा, तुम्ही येता का’ एवढे चार शब्द कोणाच्या तोंडून निघाले नाहीत. आपलं गाव आठव, पवनी. लग्नाच्या अक्षता आधी येत, पण तेवढ्यावर कोणी घर सोडे नाही. पानं मांडली का लग्नघरचा माणूस दारात येऊन ‘चला जी जेवाले’ म्हणे, तेव्हा लोकं उठत. ज्याच्या दारात कोणी आलं नाही तो उपाशी राहे, पण जाय नाही. मी त्याच मोहल्ल्यातला आहो. मधुकररावाच्या पोरीचं लग्न मी याच पायी सोडलं, अन् मधुकरराव माहा सख्खा साळा.

तू म्हणशीन, आपणच विचारून घे. कसं विचारू? ‘मले बी न्या’ म्हटलं का हो म्हणतीनच. तोंडावर नाही कोण म्हणते? मंग मी मरेपर्यंत मागून आलेला माणूस. तुही वहिनी सत्यवती असती तं तिनं कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत हा मामला निपटवला असता. तिले जाऊन चार वर्षं झाली, अन् आमच्या घरात तेव्हापासून मोठं बोलणं कोणी काढतच नाही.

तं सांग, एप्रिलपासून तुह्याकडे माही एक खाट मांडता येईन का? मागच्या वर्षी चक्कर आली तेव्हापासून डॉक्टरनं एकटं राहाले मना केलं आहे. अन् हे जितू-रितिकाले कळू देऊ नको. त्याइले वाटीन बुढा बहिणीच्या तोंडून बोलावणं मागून राहिला.

तुहा दादा,
मारोतराव

•

उमरेड
शनिवार, २५ जानेवारी

दादा,

तुही चिठ्ठी बसून वाचली. मंग उठून घरभर फिरली, खरं सांगते. एक खाट काहून गा? अख्खी खोली घे ना.

मागाची खोली तुही. रुपराव गेले तेव्हापासून सहा वर्षं त्याइचा हातमाग तसाच उभा आहे. मी धूळ पुसते, दसऱ्याले हळद-कुंकू वाहते, बस. विणाले माह्या हातात आता दम नाही. शेजारच्या शोभाताईचा माग मोडला, तिले हा देऊन टाकते. विणणारा पाय सोडून बसते तो खड्डा तेवढा बुजवावा लागीन. गवंड्याले आजच सांगून ठेवलं. रुपराव असते तं दोन दिवस कुरकुरले असते, पण साळ्यासाठी हो म्हणाले असते.

सहा वर्षं झाली मी एका माणसाचा भात मांडून राहिली. एका माणसाचा भात चांगला होतच नाही. कितीही पाणी मोजून टाक, एक तं चिकट नाही तं कच्चा. आता दोघांचा होईन.

अन् तू म्हणते ते बरोबर आहे. पोट्ट्याइले तोंड उघडून विचारू नको. आपला मान आपण ठेवावा. ज्याले गरज आहे तो येईन दारात. नाही आला तं उमरेडचं दार उघडं आहे. तुले वरच्या खिडकीतून हवा पाहिजे का खालच्या, तेवढं कळव. जाळी लावून घेते.

तुही,
प्रेमिला

•

नंदनवन, नागपूर
सोमवार, १० फेब्रुवारी

आत्याबाई, नमस्कार.

फोनवर बोलायला जावं तर तुमच्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं आणि तुम्ही ‘मले सारं समजलं’ म्हणून ठेवून देता. म्हणून म्हटलं बाबांसारखं कागदच काढावा. अक्षर वाईट आहे, चालवून घ्या. ऑफिसात टाइप करून करून हात बिघडला.

बदलीचं बाबांनी कळवलंच असेल. रामटेक झालं, मग महाराजबाग झाली. काल अडासाला गेलो. अंकितला गणपती एवढा मोठा बघून प्रश्न पडला की याला उंदीर कसा पुरतो. बाबा अर्धा तास त्याला समजावून राहिले होते. तेवीस तारखेच्या रविवारी तुमच्याकडे यायचं म्हणतो. मुलांना शेतात बसून गोवऱ्यांत भाजलेले रोडगे खायचेत. गुवाहाटीत गोवऱ्या कुठे शोधू मी?

आता खरं काम. तिकडे घर मिळालं. जितेंद्रने मुद्दाम खालचा मजला मागून घेतला, बाबांच्या गुडघ्यांसाठी. पूर्वेच्या खिडकीची खोली बाबांची. पोस्ट ऑफिस पायी पाच मिनिटांवर आहे, हे तर त्याने घर पसंत करायच्या आधी बघितलं. पण बाबा जायचं नाव काढलं की गप्प होतात. आईंचा फोटो कसा पॅक करू विचारलं तर म्हणाले, ‘पाहू.’ कपाट आवरायला घेऊ का, तर ‘माझं राहू दे.’ मला भीती वाटून राहिली की त्यांना यायचंच नाही आणि आपण ओढून नेतोय.

मी जितेंद्रला म्हटलं, एकदा सरळ विचार ना. तर माझ्यावरच उखडला. म्हणतो, ‘बापाला काय विचारायचं, येता का म्हणून? ते पाहुणे आहेत का? विचारलं तर त्यांना वाटेल, न येण्याचीही सोय ठेवली आहे.’ त्याचंही पटतं. मी सून, मी विचारलं तर अजून वेगळा अर्थ निघायचा.

तुम्ही त्यांची बहीण. तुमच्याजवळ काही बोलले का? जे असेल ते लिहा. ते येणार नसतील तर मला आधी कळू द्या, मी मुलांना कसं सांगू ते बघते. अंकित त्यांच्याशिवाय झोपत नाही.

तुमची,
रितिका

•

उमरेड
शनिवार, १५ फेब्रुवारी

रितिका,

तुले अन् लेकराइले आशीर्वाद.

या तेवीसले, खुशाल या. रोडग्यांची कणिक जाडी पाहिजे, ती मी दळून ठेवते. वांगे तिकडून आणू नको, नागपूरच्या वांग्याले चव नाही. गोवऱ्या शोभाताईकडून आणते. शेत रुपरावांच्या पुतण्याचं आहे, आंब्याखाली सावली आहे. अंकितसाठी साधं वरण वेगळं काढीन, तिखट खात नसन तो.

दादा मले काही बोलला नाही. तो लहानपणापासून असाच आहे, पोटातलं ओठावर येत नाही.

तिकडे पाऊस लय असते म्हणते. ती ओल त्याच्या गुडघ्याले सोसते का नाही, तू पाहून घे. म्हाताऱ्या झाडाले जागा बदलली का ते लागीनच असं काही नसते वं. मी आपलं सांगितलं. तुमचं तुम्ही समजदार आहा.

तुमची आत्या,
प्रेमिला

•

नंदनवन, नागपूर
सोमवार, २४ फेब्रुवारी

प्रेमिला,

काल घरी पोचलो तं अंकितच्या खिशातून रोडग्याचा अर्धा तुकडा निघाला, राखेसकट. रितिकानं धुवाले टाकायच्या आधी पाहिला म्हणून बरं. विचारलं तं म्हणते, उद्याच्या डब्याचा आहे.

दिवस लय चांगला गेला. जितू लहान असताना जसा गोवऱ्या फुंके तसाच काल फुंकून राहिला होता, डोळे लाल, नाक काळं. मले वाटलं त्याले म्हणावं, बाबू, हळू. नाही म्हटलं. आता चाळीसचा आहे.

खोली पाहिली. सारे शेतात होते तेव्हा तू मले चाबी देऊन एकट्याले पाठवलं, तेव्हा. माग नाही, खड्डा नाही, चुना मारलेला, खिडकीले जाळी. मी दारातच उभा राहिलो. रुपराव ज्या जागी तीस वर्षं बसले तिथं तू माह्यासाठी सिमेंट ओतलं. तुह्याइतकं मले कोणी केलं नाही. मी येतो. नक्की. गुढीपाडव्याले पोट्ट्याइले सांगून टाकतो.

पण तुह्याजवळ खोटं बोलत नाही. वापस येताना अंकित माह्या मांडीवर झोपला अन् खुशी खांद्यावर. पाचगावच्या पुढं माहे दोन्ही पाय बधिर झाले, पण मी हललो नाही. मनात आलं, एकदा कोणी तोंडानं म्हटलं असतं तं मी चपला न घालता निघालो असतो. आता म्हणून काय उपयोग.

एक विचारायचं आहे. रितिकानं तुले चिठ्ठी लिहिली होती, मीच पोस्टात टाकली. काय लिहिलं होतं तिनं? माहा विषय होता का?

दादा

•

उमरेड
शनिवार, १ मार्च

दादा,

तिनं रोडग्यांचं विचारलं होतं. कणिक किती, वांगे किती, कोणत्या रस्त्यानं यावं. बाकी काही नाही.

खाट आली. सागाची आहे, हलत नाही. गादी भरून घेतली. तू येशीन तेव्हा सकाळचा चहा गुळाचा पाहिजे का साखरेचा, कळव. शोभाताई म्हणे, भाऊ येऊन राहिला तं तुहा चेहरा बदलला.

प्रेमिला

•

नंदनवन, नागपूर
सोमवार, १७ मार्च

आत्याबाई, नमस्कार.

रोडग्यांची चव अजून जिभेवर आहे. तुमच्या घरी माग दिसला नाही म्हणून विचारलं तर तुम्ही वाळवीचं सांगितलं. ऐकून वाईट वाटलं. आतोबांची शेवटची आठवण होती ती.

काल आम्ही मोतीबागेतल्या छोट्या रेल्वेच्या म्युझियमला गेलो. बाबा तिथे एकदम तरुण झाले. चालत्या गाडीत डाकेच्या पिशव्या कशा फोडत, बाहेर इटारसी येतंय की आमला हे अंधारात रुळांच्या आवाजावरून कसं कळे, सगळं मुलांना सांगितलं. जितेंद्रनेही यातलं अर्धं पहिल्यांदा ऐकलं.

आणि तिथेच अंकित हरवला. दहा मिनिटं, पण माझं काळीज ठिकाणावर नव्हतं. तिथल्या चौकीदाराजवळ उभा होता. तो बिचारा विचारून राहिला, ‘बेटा, पापा का नाम क्या है?’ तर हा सांगतो, ‘आबाजी.’ मम्मी का नाम? ‘आबाजी.’ रहते कहाँ हो? ‘आबाजींच्या खोलीत.’ बाबांनी त्याला उचललं आणि मग बराच वेळ खाली ठेवलंच नाही. मी पाहिलं, बाबांचे डोळे भरले होते. मला वाटलं हरवला म्हणून घाबरले असतील.

पण आत्याबाई, घरात वेगळंच चालू आहे. विमानाची पाच तिकिटं काढून झाली. खुशी आणि अंकित आबाजींच्या बाजूला कोण बसणार म्हणून भांडून मोकळे झाले. हे सगळं बाबा दुपारी पोस्टात गेले असताना झालं, पण त्यांना माहीतच असेल. आणि इकडे बाबा आपल्या वस्तू वाटून राहिले. घड्याळ खुशीला दिलं. छत्री जितेंद्रला. मला आईंचा पोळपाट दिला आणि म्हणाले, ‘जपून वापर.’ त्यांच्या बॅगेत अजून एक रुमालही नाही. जितेंद्र चिडचिड करतो, म्हणतो बाबांचं काही समजत नाही. मी परत म्हटलं विचार, तर तेच. ‘विचारायचं काय त्यात?’

तुम्हाला खरंच काही बोलले नाहीत का? मला तुमच्याशिवाय विचारायला कोणी नाही. पंचवीस दिवस राहिलेत.

तुमची,
रितिका

•

उमरेड
शुक्रवार, २१ मार्च

रितिका,

ही चिठ्ठी जितूले वाचून दाखव. मंग दादाले दाखव. माह्यं नाव लपवू नको.

मी तुले खोटं बोलली. दादानं मले जानेवारीतच लिहिलं होतं. त्याले वाटते तुम्हाले तो नको आहे. काहून, तं तुम्ही त्याले ‘येता का’ म्हटलं नाही. आमच्या पवनीत बोलावणं आल्याशिवाय माणूस जेवाले जात नाही, सख्ख्या भावाच्या घरी जात नाही. तो सत्तरीचा झाला तरी त्याच मोहल्ल्यात बसून आहे. अन् तुम्ही त्याले विचारत नाही, काहून, तं तो आपला आहे. तिकडं तुम्ही त्याच्यासाठी खालचा मजला घेतला, इकडं तो माह्याकडे यायच्या तयारीत. दोन्हीकडच्या चिठ्ठ्या माह्या एकाच डब्यात होत्या. एक ओळ लिहिली असती तं फेब्रुवारीतच मिटलं असतं. म्या लिहिली नाही.

त्यानं मले सरळ विचारलं का रितिकानं माह्याबद्दल काही लिहिलं का. म्या म्हटलं, वांग्याचं लिहिलं. सत्तर वर्षांच्या भावाले मी वांग्याचं सांगितलं. तेव्हापासून खाईन त्याले खवखवते म्हणतात तसं झालं. सकाळी त्या खाटेकडे पाठ करून चहा पिते.

वाळवी बी खोटी. माग म्या काढला. मागाले वाळवी लागली नव्हती, मले लागली होती.

मले तो पाहिजे होता वं. सहा वर्षं ह्या घरात माह्याशी कोणी भांडलं नाही. मले वाटलं देवानंच पाठवला. चार वर्षांच्या लेकराच्या तोंडचं काढून मी खाऊन राहिली हे मले तुही चिठ्ठी वाचून समजलं. तो चौकीदाराले काय म्हणाला ते मी तीनदा वाचलं.

आता ऐक. जितूले म्हण, आडून बोलू नको. तिकीट दाखवू नको, खोली दाखवू नको. तोंडानं विचार, अन् विचारल्यावर गप्प बस, त्याले उत्तर देऊ दे. तो नाही म्हणाला तं तो त्याचा हक्क आहे. पण तो नाही म्हणणार नाही, हे मी तुले आजच सांगते.

मले माफ करशीन तं कर.

प्रेमिला

•

नंदनवन, नागपूर
सोमवार, ३१ मार्च

आत्याबाई,

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. मी खरं सांगते, आधी खूप राग आला. स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. मग विचार केला की तीन महिने मी एका छताखाली राहून जे विचारलं नाही, त्याचा दोष पंचेचाळीस किलोमीटरवर कसा ढकलू.

जितेंद्र पत्र वाचून खाली बसला. म्हणाला, ‘म्हणजे बाबा तीन महिने हे पोटात घेऊन आपल्यासोबत रामटेक चढले?’ तरी चार दिवस त्याच्या तोंडून निघेना. रोज ऑफिसातून ठरवून येई आणि पाणी पिऊन टीव्ही लावे. शेवटी काल पाडवा. पुरणपोळी खाऊन संध्याकाळी फुटाळा तलावावर गेलो. मी मुलांना घेऊन दहा पावलं पुढे बसले, पण कान मागेच होते.

आधी हा विमानावर बोलला. मग तिकडच्या हवेवर. बाबा उकडलेल्या शेंगा सोलून राहिले होते. म्हणाले, ‘जितू, भाषण देऊन राहिला का?’ तेव्हा हा एका दमात म्हणाला, ‘बाबा, तुम्ही आमच्यासोबत गुवाहाटीला येता का? नाही म्हणालात तर मी रागावणार नाही. पण मला तुम्ही पाहिजे. मला तिथे एकट्याने जमणार नाही.’

आणि तुम्ही सांगितलं तसा गप्प बसला.

बाबांनी हातातली शेंग पूर्ण सोलली. दाणे खाल्ले. मग विचारलं, ‘सामान किती किलो नेता येते?’

जितेंद्र म्हणाला पंधरा. बाबा म्हणाले, ‘माह्यं दहात होते. उरलेल्या पाचात लेकराइचं टाका.’ एवढं बोलले आणि शेंगांचा अख्खा पुडा जितेंद्रच्या हातात दिला. जितेंद्र तर ढसाढसा रडला, तिथेच, सगळ्या फुटाळ्यासमोर. खुशी धावत गेली. तिला कळेना काय झालं. म्हणते, ‘आबाजी, तुम्हाला माहीत नव्हतं? तुमचं तिकीट तर माझ्या बाजूला आहे.’

घरी आल्यावर तुमचं पत्र बाबांना दिलं. तुम्ही लपवू नको म्हटलं होतं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. आज सकाळपासून बॅग भरून राहिले. छत्री परत मागून घेतली.

मी तुम्हाला माफ वगैरे काय करणार. मी तुमच्यावर रागावलेली आहे आणि मला तुमचं फार वाईटही वाटून राहिलं. दोन्ही आहे.

तुमची,
रितिका

•

नंदनवन, नागपूर
शुक्रवार, ४ एप्रिल

प्रेमिला,

परवा सारे तुह्याकडे येऊन राहिलो. जायच्या आधीचा शेवटचा रविवार. समोरासमोर मले बोलता येणार नाही अन् तुले ऐकू येणार नाही, म्हणून आधीच लिहून स्पीड पोस्टानं टाकतो.

मले राग आला. तू खोटं बोलली, सुनेले बी अन् मले बी. तीस वर्षं लोकांच्या चिठ्ठ्या माह्या हातातून गेल्या, एक बी मी दाबून ठेवली नाही. अन् माह्याच घरची चिठ्ठी बहिणीनं दाबली. दोन दिवस तुह्यं तोंड पाहू नये असं वाटलं. आता नाही वाटत.

काहून, ते सांगतो. माहीच चूक मोठी आहे. मी पोराची परीक्षा घेऊन राहिलो होतो अन् त्याले पेपर आहे हेच माहीत नव्हतं. पोट्टा जेव्हा म्हणाला का मले एकट्यानं जमणार नाही, तेव्हा मले माह्या मानाची लाज वाटली. तीन महिन्यांचे रविवार मी लेकराइसोबत हसलो अन् मनात हिशेब मांडत राहिलो. ते रविवार मले पुन्हा मिळत नाहीत.

अन् दुसरं. या साऱ्या भानगडीत एकटी तूच होती जिनं पहिल्याच दिवशी ‘ये’ म्हटलं. नवऱ्याचा माग काढून म्हटलं. तुह्या खोटेपणाले मी माफ केलं, पण ती खोली मी विसरणार नाही.

तुले आम्ही साऱ्याइनं गृहीत धरलं का प्रेमिला उमरेडलेच राहीन, तिचं काय, तिची सवय आहे. म्हणून आता विचारतो. जितूले विचारून विचारतो, रितिकाचं बी हेच म्हणणं आहे. तू आमच्यासोबत गुवाहाटीले येतेस का? माह्या खोलीत दुसरी खाट मावते. आता नाही तं पावसाळ्यानंतर. उत्तराची घाई नाही.

तुहा दादा

•

उमरेड
गुरुवार, २४ एप्रिल

दादा,

पहिली चिठ्ठी सात-आठ-एकले टाकून राहिली. पत्ता बरोबर आहे का नाही तूच पाह.

त्या रविवारी तुम्ही आले, जेवले, लेकरं नव्या खाटेवर उड्या मारून मारून गेले, अन् मी नुसती वाढत राहिली. तू दोनदा माह्याकडे पाहिलं. मी दोनदा वरणाचं भांडं आणाले आत गेली. उत्तर तयार नव्हतं, म्हणून.

आता तयार आहे. मी येत नाही.

रागानं नाही. तुम्ही गेले त्या दिवशी लय रडली, हे लपवत नाही. घर खाऊन टाकते, हे बी लपवत नाही. दुपारी चार वाजता कोणाचा आवाज नसते तेव्हा मले माह्याच घरात भीती वाटते. पण इथं शोभाताई आहे, तिच्या घरी रुपरावांचा माग चालते अन् धागा तुटला का ती मलेच हाक मारते. मंगळवारचा बाजार आहे. मले ऐकू येत नाही हे इथं साऱ्या गल्लीले माहीत आहे, म्हणून सारे माह्याशी वरडून बोलतात. तिकडं मी कोणाकोणाले समजावू?

पण दादा, तुही ती चिठ्ठी मी चार दिवस पदराले बांधून फिरली. शोभाताईले वाचून दाखवली. दूधवाल्याले दाखवली, त्याले मराठी वाचता येत नाही तरी. माह्या भावानं मले नेतो म्हटलं, हे साऱ्या मोहल्ल्याले माहीत झालं पाहिजे होतं. रुपराव गेल्यापासून मले कोणी काही विचारलं नव्हतं. भाजीवाला बी ‘काय देऊ’ म्हणत नाही, पाव किलो वांगे आपल्या मनानंच पिशवीत टाकते.

खुशीले सांग, आत्याआजीले तिकडच्या शाळेचं लिहून पाठव. अंकितले तिखट खाले शिकवा. रितिकाले सांग, तिचा राग अन् तिचं वाईट वाटणं, दोन्ही मले पोचलं. गुडघ्याले लसणाचं तेल लावत जाजो, ओल असो का नसो.

मी नाही म्हटलं म्हणून तू आता विचारणं सोडू नको. पुढच्या वर्षी पुन्हा विचारजो.

तुही,
प्रेमिला